शिराझ : लाल वाइनच्या द्राक्षाची ओळख

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास द्राक्ष हे पीक नवे नाही. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत घड पाहून छाटणीचा सुमार सांगणारे जाणते बागाईतदार गावोगावी भेटतात. परंतु हेच अनुभवी बागाईतदार खाण्याच्या द्राक्षांकडून वाइनच्या द्राक्षांकडे वळतात, तेव्हा त्यांचा अनुभवच काही वेळा त्यांच्या आड येतो. कारण एका द्राक्षात जो गुण समजला जातो, तोच दुसऱ्यात दोष ठरतो. मणी टपोरा असावा, साल पातळ असावी, बी नसावे आणि घडाचे वजन भरपूर असावे, ही खाण्याच्या द्राक्षाची कसोटी होय. लाल वाइनच्या द्राक्षाची कसोटी जवळजवळ याच्या उलट आहे.

हा फरक नीट समजावा म्हणून या पाठात शिराझ या एकाच जातीचा परिचय करून दिला आहे. महाराष्ट्रात लाल वाइनसाठी ज्या जाती लावल्या जातात, त्यांत शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्यो या दोन प्रमुख आहेत. पैकी शिराझ जोमदार असून उष्ण हवामानाशी जमवून घेणारी आहे, म्हणून तिची निवड केली आहे. पाठाचे सूत्र थोडक्यात असे की, शिराझचे मोल वजनात नसून सालीत आहे. आणि ते मोल शेतकऱ्याच्या पदरात पडावयाचे तर त्याची तजवीज लागवडीपूर्वीच झाली पाहिजे.

नाव व मूळ

शिराझ हे इराणातील एका जुन्या शहराचे नाव आहे. त्यावरून ही जात इराणातून युरोपात गेली, अशी समजूत बरीच वर्षे प्रचलित होती. ही समजूत खरी नव्हे. १९९८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत कॅरोल मेरेडिथ यांच्या चमूने आणि फ्रान्समधील माँपेलिए येथील शास्त्रज्ञांनी मिळून जनुकीय तपासणी केली. तिच्यावरून या जातीचे आईबाप निश्चित झाले. 'मोंदझ ब्लांश' ही पांढरी जात तिची माता व 'द्युरेझा' ही काळी जात तिचा पिता होय. या दोन्ही जाती फ्रान्सच्या आग्नेय भागातील आहेत. म्हणजे शिराझचा जन्मही त्याच भागात, रोन नदीच्या आसपास झाला, असे मानण्यास भक्कम आधार मिळाला.

फ्रान्समध्ये या जातीस 'सिरा' म्हणतात. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे 'शिराझ' हे नाव रुळले आणि भारतातही तेच चालते. सिरा व शिराझ या दोन जाती नसून एकच जात आहे, हे रोपे घेताना ध्यानात ठेवावे. 'पेटिट सिरा' या नावाने ओळखली जाणारी जात मात्र निराळी आहे. ती शिराझची संतती असली तरी शिराझ नव्हे. नावाच्या साम्यामुळे घोटाळा होऊ देऊ नये.

रोन नदीच्या उत्तर खोऱ्यातील एर्मिताज व कोत-रोती या टेकड्या या जातीसाठी प्रसिद्ध आहेत. कोत-रोती या शब्दांचा अर्थच 'भाजून निघालेला उतार' असा आहे. तेथील जमीन उथळ, खडकाळ व उताराची असून दगडी बांध घालून पायऱ्या केलेल्या आहेत. त्या खोऱ्यातून जोराचा वारा वाहतो आणि शिराझच्या कोवळ्या फुटी वाऱ्याने सहज मोडतात. म्हणून तेथील शेतकरी वेलास खांबाचा आधार देऊन बांधतात. जातीचा हा नाजूकपणा आपल्याकडेही दिसून येतो.

ऑस्ट्रेलियात या जातीच्या काड्या जेम्स बस्बी यांनी युरोपातून जमवून १८३२ साली नेल्या. तेथे ती इतकी मानवली की आज त्या देशात वाइनसाठी सर्वांत अधिक क्षेत्र याच जातीखाली आहे. रोनच्या खोऱ्याहून कितीतरी उष्ण अशा प्रदेशात ही जात उत्तम वाइन देऊ शकते, हे ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यांनी सिद्ध केले. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

वेल ओळखण्याची लक्षणे

शिराझचा वेल जोमदार असतो. फुटीच्या कोवळ्या शेंड्यावर पांढुरकी लव दिसते. फुटी लांब वाढतात व सरळ उभ्या न राहता लोंबतात. पाने मध्यम आकाराची, तीन किंवा पाच खंडांची असतात. घड मध्यम, लांबट, दंडगोल असून काही घडांस खांद्याशी लहान फाटा असतो. मणी लहान, किंचित लांबट व निळसर काळे असून त्यांवर पांढरी झाक भरपूर असते. गर रसाळ असतो व मण्यात बिया असतात.

पिकलेला मणी सोलून पाहिल्यास एक गोष्ट चटकन नजरेस येते. बाहेरून काळाभोर दिसणाऱ्या या मण्याचा गर आतून फिकट, हिरवट असतो. पिळून काढलेला रस जवळजवळ बिनरंगी निघतो. ही साधी तपासणी प्रत्येक कार्यकर्त्याने शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी. पुढील सर्व पाठ तिच्यावर आधारलेला आहे.

सर्व गुण सालीत

रस बिनरंगी असेल तर वाइनला लाल रंग कोठून येतो? तो सालीतून येतो. पांढरी वाइन करताना रस पिळून साल आधीच वेगळी करतात. लाल वाइन करताना मणी फोडून रस, साल व बिया एकत्रच टाकीत आंबवतात. यीस्ट या सूक्ष्म जीवामुळे रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते आणि त्या काळात सालीतील रंगद्रव्य व तुरटपणा रसात उतरतो. साली फसफसून वर तरंगतात, म्हणून त्या वारंवार खाली दाबाव्या लागतात किंवा तळाचा रस पंपाने त्यांच्यावर सोडावा लागतो. कारखान्यातील ही सारी खटपट सालीतील ऐवज रसात आणण्यासाठीच असते.

शिराझच्या वाइनला काळ्या मिरीसारखा एक वास येतो. तो 'रोटंडोन' या द्रव्यामुळे येतो, असे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केले. काळ्या मिरीच्या वासाचे कारणही हेच द्रव्य आहे आणि द्राक्षात ते मुख्यतः सालीतच असते. विशेष असे की, सुमारे पाचांतील एका माणसास हा वास येतच नाही. हवा थंड असेल तर तो अधिक भरतो व उष्ण हवेत कमी होतो.

आता मणी लहान का हवा, हे उघड होईल. १२ मिलिमीटर व्यासाचा एक मणी व १८ मिलिमीटर व्यासाचा दुसरा मणी घेतला, तर लहान मण्यात गराच्या मानाने साल दीडपट असते. मणी जितका फुगवावा तितका त्यात पाण्याचा अंश वाढतो आणि रंग व स्वाद पातळ होतो. खाण्याच्या द्राक्षात मणी फुगविण्यासाठी जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवितात. शिराझच्या बागेत या कामास स्थान नाही. तेथे हा खर्च वाचतो. पण तो उगाच केल्यास मालाची प्रत मात्र खालावते.

हवामान व जमीन

शिराझला पक्वतेच्या काळात कोरडी हवा, स्वच्छ ऊन व थंड रात्री मानवतात. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड व इगतपुरीच्या बाजूचा उंच भाग या दृष्टीने अनुकूल आहे. हिवाळ्यातील रात्रीच्या गारव्यामुळे मण्यातील आम्ल टिकते व रंग चांगला भरतो. याउलट तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर सतत राहिल्यास रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया मंदावते. म्हणून मार्चचा कडक उन्हाळा लागण्यापूर्वी माल पक्व व्हावा, अशा बेताने छाटणी करावी.

जमीन मध्यम ते हलकी, मुरमाड व उत्तम निचऱ्याची असावी. भारी काळ्या जमिनीत वेल माजतो, पानांची गर्दी होते व घड सावलीत राहून रंग फिका पडतो. चुनखडीच्या जमिनीत या जातीची पाने पिवळी पडण्याकडे कल असतो. याकरिता लागवडीपूर्वी माती व पाणी या दोहोंची तपासणी करून घ्यावी आणि अहवालातील चुनखडीचे व क्षारांचे प्रमाण तज्ज्ञांस दाखवूनच पुढचे पाऊल टाकावे.

खुंट व कलम

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने युरोपातील द्राक्षबागा मुळांपासून उद्ध्वस्त केल्या. फ्रान्समध्ये तिचा उपद्रव १८६० नंतरच्या दशकात रोनच्या खोऱ्यातच प्रथम दिसून आला. तेव्हापासून अमेरिकन द्राक्षाच्या खुंटावर युरोपीय जातीचे कलम करण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रात खुंटाचा उपयोग मुख्यतः पाण्याची टंचाई व जमिनीतील क्षार यांना तोंड देण्यासाठी केला जातो.

खाण्याच्या द्राक्षांसाठी आपल्याकडे डॉगरिज हा खुंट सर्वपरिचित आहे. तो वेलास फार जोम देतो. शिराझ मुळातच जोमदार असल्यामुळे तिला ११० आर हा तुलनेने संयत खुंट अधिक सोयीचा पडतो. खुंटरोपे फेब्रुवारी-मार्चमध्ये लावून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जागेवरच पाचर कलम करण्याची रीत आहे. कलमकाडी निरोगी व खात्रीच्या बागेतूनच घ्यावी. शिराझमध्ये कलमाच्या जोडाशी भेगा पडून पाने लाल होणे व वेल हळूहळू मरणे, असा एक विकार फ्रान्समध्ये १९९० नंतर आढळून आला आहे. स्वस्त मिळते म्हणून अनोळखी ठिकाणची काडी घेणे त्यामुळे धोक्याचे ठरते. जात, तिचा उपप्रकार व खुंट यांविषयी पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेणे हितावह आहे.

वळण व छाटणी

शिराझसाठी आडव्या मांडवापेक्षा ओळीत उभे वळण अथवा लहान वाय पद्धतीचे वळण सोयीचे असते. ओळी दक्षिणोत्तर असाव्यात. फुटी लोंबत्या व मोडक्या असल्यामुळे त्या वेळीच तारांमध्ये अडकवून घ्याव्यात. हे काम आठ दिवस लांबले तरी एखाद्या वादळी वाऱ्यात कित्येक फुटी हातच्या जातात.

महाराष्ट्रातील नेहमीच्या दोन छाटण्या येथेही लागू आहेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नवी काडी तयार करावयाची आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून घड घ्यावयाचे. खरड छाटणीनंतर काडीवर भरपूर प्रकाश पडला तरच डोळ्यात घड तयार होतो. म्हणून फुटींची विरळणी करावी, बगलफुटी काढाव्यात व शेंडा वेळेवर खुडावा. फळछाटणीपूर्वी काही काड्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहून मगच छाटणीची जागा ठरवावी.

फळछाटणी फार लवकर केल्यास परतीच्या पावसात कोवळी फूट सापडते व केवड्याची लागण होते. फार उशिरा केल्यास पक्वता कडक उन्हात येते. या दोन संकटांमधून वाट काढणे हेच छाटणीची तारीख ठरविण्याचे मर्म होय.

घड लागल्यानंतर पानांची रचना पाहावी. सकाळचे कोवळे ऊन घडावर येईल अशा बेताने पूर्वेकडील थोडी पाने काढावीत. पश्चिमेकडील पाने राखावीत. नाही तर दुपारच्या उन्हाने मणी भाजतात.

उत्पादनाबाबत मन आवरावे लागते. थॉमसन सीडलेसच्या बागेत एकरी दहा-बारा टन माल काढणाऱ्या शेतकऱ्यास शिराझचे एकरी चार ते पाच टन हे उत्पन्न अपुरे वाटते. परंतु वेलावर घडांचा भार वाढविला की साखर उशिरा भरते व रंग फिका राहतो. पुष्कळ कारखाने एकरी उत्पादनाची मर्यादा करारातच घालतात, त्याचे कारण हेच आहे. मणी ज्वारीएवढे झाल्यावर जादा व कमजोर घड काढून टाकणे हे नुकसान नसून प्रतीची राखण आहे.

पाणी व खते

ठिबक सिंचनामुळे शिराझला पाणी मोजून देता येते. मणी धरल्यापासून त्यांत पाणी उतरू लागेपर्यंत पाण्याचा थोडा ताण दिल्यास मणी लहान राहतात व शेंड्याची वाढ थांबते. हा ताण माफक असावा. पाणी उतरल्यानंतर पाणी एकदम तोडू नये, कारण ही जात पक्वतेच्या शेवटी स्वभावतःच सुकू लागते व ताणाने ते सुकणे बेसुमार वाढते. तसेच वजन वाढावे म्हणून काढणीपूर्वी भरपूर पाणी सोडण्याचा मोह टाळावा. त्याने साखर व रंग दोन्ही पातळ होतात, आणि ही लबाडी कारखान्याच्या पहिल्याच तपासणीत उघडी पडते.

खतांपैकी नत्र बेताने द्यावे. पालाशाबाबतही सावधगिरी हवी. खाण्याच्या द्राक्षात गोडीसाठी पालाश सढळ हाताने देण्याची सवय असते. शिराझमध्ये पालाश अधिक झाल्यास रसाचा सामू वाढतो, वाइनचा रंग मळकट होतो व ती टिकत नाही. उष्ण प्रदेशात या जातीचा सामू आधीच चढा राहतो. म्हणून देठ परीक्षणाच्या अहवालावाचून पालाश देऊ नये.

रोग व फवारणी

केवडा, भुरी व करपा हे तिन्ही रोग शिराझवर येतात आणि उडद्या व पिठ्या ढेकूण या किडींवरही लक्ष ठेवावे लागते. नियंत्रणाचे उपाय खाण्याच्या द्राक्षांप्रमाणेच असले तरी एक फरक मोठा आहे. वाइनची द्राक्षे धुतली जात नाहीत आणि सालीसकट आंबविली जातात. सालीवर जे असेल ते थेट टाकीत जाते. भुरीने खाल्लेले मणी मिसळल्यास वाइनला बुरशीचा वास येतो. काढणीच्या सुमारास गंधकाची फवारणी केल्यास आंबताना सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. म्हणून गंधकाचा वापर काढणीपूर्वी किमान महिनाभर थांबवावा आणि प्रत्येक फवारणीची तारीख, औषध व प्रमाण वहीत लिहून ठेवावे.

पक्वता कशी ओळखावी

मणी काळे झाले म्हणजे द्राक्ष पक्व झाले, असे नव्हे. रंग आल्यानंतरही कित्येक आठवडे मण्यात फरक होत राहतो. पक्वता पुढील चार गोष्टींवरून ठरवावी.

पहिली गोष्ट साखर. ती रिफ्रॅक्टोमीटर या लहानशा यंत्राने ब्रिक्स या अंशात मोजतात. लाल वाइनसाठी शिराझ साधारणपणे २२ ते २४ ब्रिक्सच्या दरम्यान काढतात. दुसरी गोष्ट आम्लता व सामू. सामू ३.३ ते ३.७ च्या दरम्यान असणे इष्ट असते. तिसरी गोष्ट बी. ती हिरवी नसून तपकिरी झालेली असावी व दाताखाली कुरकुरीत लागावी. चौथी गोष्ट साल. ती चावून पाहिल्यास बोटांना व जिभेला रंग लागावा, आणि तुरटपणा खरखरीत न राहता मऊ झालेला असावा.

नमुना घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. बांधावरच्या एका गोड घडाची चव घेऊन निर्णय करू नये. निरनिराळ्या ओळींतील वेलांवरून, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतून मिळून शंभर ते दोनशे मणी घ्यावेत. ते एकत्र चुरून रस गाळावा व मग ब्रिक्स पाहावे. पाणी उतरल्यानंतर आठवड्यातून एकदा व काढणी जवळ आल्यावर दर दोन-तीन दिवसांनी ही नोंद करावी.

काढणी पहाटे, ऊन चढण्यापूर्वी करावी. सडके व वाळलेले मणी वेलावरच निवडून टाकावेत. माल उथळ क्रेटमध्ये भरून, न दाबता, त्याच दिवशी कारखान्यावर पोचवावा.

वजनाची घट व भावाचा प्रश्न

शिराझचा एक स्वभाव शेतकऱ्याच्या खिशाशी थेट संबंध ठेवतो. इतर अनेक जातींपेक्षा या जातीचा मणी पक्वतेच्या अखेरीस अधिक सुरकुततो. त्यातील पाणी उडून जाते, साखरेचे प्रमाण वाढते व वजन घटते. कारखान्यास गडद रंगाचा व पूर्ण पक्व माल हवा असतो, म्हणून तो काढणी थांबविण्यास सांगतो. शेतकऱ्यास मात्र रोज वजन कमी होताना दिसते.

हा प्रश्न हिशेबाने समजून घ्यावा. समजा, एका एकरात २१ ब्रिक्सला ५,००० किलो माल आहे. पुढे नवी साखर न भरता केवळ पाणी उडून तो २४ ब्रिक्सला गेला, तर वजन सुमारे ४,३७५ किलो राहील. म्हणजे ६२५ किलो कमी. भाव किलोमागे तोच राहिला तर शेतकऱ्याचे उत्पन्न आठव्या हिश्शाने घटले. त्यास पूर्वीइतकेच पैसे मिळण्यासाठी भाव एक सप्तमांशाने अधिक हवा. ज्या भावाने २१ ब्रिक्सला ७० रुपये होतात, तेथे २४ ब्रिक्सला ८० रुपये मिळाले तरच तो जागेवर राहतो. आणि थांबण्याचा धोका, राखण व पाखरांचा त्रास यांचा मोबदला त्याहून वेगळा.

येथे ना शेतकरी लबाड आहे, ना कारखानदार. दोघांचे हित एका ठिकाणी आणण्याचा मार्ग म्हणजे करारात ब्रिक्सप्रमाणे चढता भाव असणे. ज्या करारात फक्त वजन व एकच भाव लिहिलेला असतो, तो शेतकऱ्यास लवकर तोडणीकडे व भरपूर पाण्याकडे ढकलतो, आणि शेवटी दोघांचेही नुकसान करतो.

लागवडीपूर्वी विक्रीची तजवीज

खाण्याच्या द्राक्षाचा एक व्यापारी फिरकला नाही तर दुसरा येतो. बाजार पडला तर बेदाणा करता येतो. शिराझला असा दुसरा आसरा नाही. लहान मणी, जाड साल व बिया यांमुळे ती बाजारात विकली जात नाही आणि बेदाण्याच्याही उपयोगी नाही. तिला एकच गिऱ्हाईक, ते म्हणजे वाइनचा कारखाना.

या गोष्टीचा कटू अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. २००१ साली शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे त्यासाठी औद्योगिक क्षेत्रे आखली गेली, कारखाने वाढले व त्यांच्या भरवशावर लागवडही झपाट्याने वाढली. २००८ साली जगभर मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि पर्यटन व हॉटेलांचा धंदा बसला. वाइनची मागणी घटली, टाक्या जुन्या मालाने भरून राहिल्या व नवी द्राक्षे घेण्यास अनेक कारखाने असमर्थ ठरले. पुढील दोन-तीन हंगामांत नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांनी जोमात असलेल्या बागा स्वतःच्या हातांनी तोडल्या. त्या बागांत वेलाचा दोष नव्हता. माल घेणारा आहे की नाही, हा प्रश्न लागवडीनंतर विचारला गेला, एवढाच दोष होता.

याकरिता पुढील बाबी करारात लिखित असल्याशिवाय एकही खुंट लावू नये : करार किती वर्षांचा आहे, कोणती जात व किती क्षेत्र, एकरी उत्पादनाची मर्यादा, ब्रिक्सप्रमाणे भाव, तपासणी कोणाच्या समक्ष व कोठे होणार, काढणीची तारीख कोण ठरविणार व उशीर झाल्यास घट कोण सोसणार, पैसे किती दिवसांत मिळणार, आणि कारखान्याने माल नाकारल्यास काय करावयाचे. बाग पूर्ण उत्पादनावर येण्यास तीन-चार वर्षे लागतात. त्यामुळे एका हंगामाचा तोंडी शब्द येथे पुरेसा नाही.

'माल गेला नाही तर घरीच वाइन करू' असेही कोणी म्हणतात. परवान्याशिवाय वाइन तयार करणे अथवा विकणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये गुन्हा आहे, हे कार्यकर्त्यांनी स्पष्टपणे सांगावे.

प्रात्यक्षिके

गावातील सभेत पुढील तीन प्रात्यक्षिके करून दाखवावीत.

१. शिराझचा व थॉमसनचा प्रत्येकी एक किलो माल घेऊन त्यातील मणी मोजावेत. शिराझचे मणी कितीतरी अधिक भरतील. नंतर दोन्हींच्या साली सोलून शेजारी ठेवाव्यात.

२. शिराझचे मणी हलके पिळून रस एका पांढऱ्या पेल्यात घ्यावा. दुसऱ्या पेल्यात त्याच रसात साली चांगल्या कुस्करून तासभर ठेवाव्यात. दोन्ही रंग शेतकऱ्यांना दाखवावेत.

३. एका बागेतील पन्नास घड खुणेच्या सुतळीने बांधून ठेवावेत. २१ ब्रिक्सपासून दर तीन दिवसांनी त्यांतील पाच-पाच घड काढून वजन व ब्रिक्स यांचा तक्ता करावा. कराराच्या बैठकीत हा तक्ता कोणत्याही भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

उजळणीचे प्रश्न

१. सिरा, शिराझ व पेटिट सिरा यांत फरक कोणता?
२. लाल वाइनचा रंग मण्याच्या कोणत्या भागातून येतो?
३. शिराझचा मणी फुगवू नये, असे का म्हटले आहे?
४. काढणीपूर्वी गंधक फवारल्यास काय होते?
५. ५,००० किलो माल २१ वरून २२ ब्रिक्सला गेल्यास, वरील रीतीने वजन किती राहील?
६. करारात कोणत्या बाबी असाव्यात?

शिराझ ही चांगली जात आहे. पण ती उत्साहाने लावण्याची नसून ओळखून लावण्याची जात आहे. जमीन, खुंट, छाटणी व पाणी यांची जोड तिला मिळाली तर ती महाराष्ट्राच्या हिवाळ्यात उत्तम रंग धरते. त्या रंगाला योग्य भाव देणारा कागद शेतकऱ्याच्या पेटीत असेल, तरच बाग उभी करावी. नसेल, तर कार्यकर्त्याने 'यंदा थांबा' असे सांगण्यास कचरू नये. योग्य वेळी दिलेला हा सल्लाही विस्तारकार्याचाच भाग होय.